देणगीच्या पैशावर एचआयव्ही संशोधनात करिअर उभं राहतं का? (उत्तर लांबलंय, निवांत वाच)

प्रश्न थोडक्यात असा होता. पुण्यात एचआयव्हीच्या लपलेल्या साठ्यावर, म्हणजे रिझर्वॉयरवर, पीएचडी संपत आलीये, वय 29. अमेरिकेतल्या एका लॅबने पोस्टडॉकला, म्हणजे पीएचडीनंतरच्या मुदतीच्या संशोधन-नोकरीला, बोलावलं होतं पण त्यांची सरकारी ग्रांट रिन्यू झाली नाही, आता तिथले सर म्हणतात एखाद्या फाउंडेशनची फेलोशिप आणलीस तर जागा तुझीच. तर देणगीच्या पैशावर करिअर उभं राहतं का, की सगळं सोडून कंपनीत जावं? आणि अगदी शेवटी एक ओळ, की सांगलीकडच्या काकांचे धाकटे भाऊ 1998 मध्ये एड्सने गेले, काकांना त्यांच्यासाठी 10 लाख रुपये या संशोधनाला द्यायचेत, ते कुठे द्यावेत?

तुझं वय वाचून अगं-तुगंच करते, चालेल ना. मी या विषयात सत्तावीस वर्षं आहे, त्यातली बरीचशी पैसे मागण्यात गेली आणि गेली बारा वर्षं दुसऱ्यांचे अर्ज वाचायलाही बसते, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू पाहिल्यात.

आधी सरळ उत्तर देते. फेलोशिप मिळत असेल तर डोळे झाकून घे, पण ती दुधाची जागा घेईल असं समजू नकोस, ती विरजण आहे. आनंदावर पडतं ते विरजण नाही हां, घरात रात्री लावतो ते. चमचाभर विरजणाने पातेलंभर दही लागतं, पण पातेल्यात दूध असावं लागतं आणि ते कोमटही असावं लागतं. दूध म्हणजे सरकारी पैसा, आणि कोमट म्हणजे तुला उभं राहायला जागा देणारी संस्था, फ्रीझर, पेशंटच्या रक्ताचे नमुने, ते गोळा करणारी नर्स, एथिक्स कमिटी, हे सगळं. देणगी यातलं काहीच पुरवू शकत नाही, पण ती नसली तर कितीतरी चांगल्या कल्पना दूध म्हणूनच नासून जातात, हे मी स्वतः बघितलंय.

आकडे बघ म्हणजे प्रमाण कळेल. अमेरिकेचं एनआयएच, म्हणजे वैद्यकीय संशोधनाला पैसा देणारी तिथली सरकारी यंत्रणा, एचआयव्ही संशोधनावर एका वर्षात तीन अब्ज डॉलरहून जास्त खर्च करत आलंय. आणि अ‍ॅमफार, जी या विषयातली सगळ्यात नावाजलेली देणगीवर चालणारी संस्था, तिने 1985 पासून चाळीस वर्षांत सगळं मिळून खर्च केलेत ते एक अब्जाच्या आत. म्हणून 2025 मध्ये जेव्हा सरकारी पैसा आटायला लागला, ड्यूक आणि स्क्रिप्सची एचआयव्ही लसीची मोठी कन्सॉर्शिया (अनेक संस्थांचे संयुक्त गट) पुढे चालवणार नाही असं मे महिन्यात एनआयएचने सांगितलं, तेव्हा बरेच जण म्हणाले की आता फाउंडेशन पुढे येतील, आणि मला तेव्हाच पोटात गोळा आला होता कारण ते गणितच बसत नाही. दक्षिण आफ्रिकेचं बघ, अमेरिकेचा पैसा थांबल्यावर गेट्स फाउंडेशन आणि वेलकम ट्रस्ट दोघांनी 10-10 कोटी रँड दिले, पण त्याच वेळी तिथल्या सरकारी खजिन्याने तीन वर्षांसाठी 40 कोटी रँड काढले म्हणून त्याला अर्थ आला. सरकारने हात वर केले असते तर त्या 20 कोटींत थोड्या लोकांचे पगार काही महिने निघाले असते, बस.

मग देणगीचा उपयोग कशाला? इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण मला तुला हेच सांगायचंय. देणगीचा पैसा सगळ्यात चांगला लागतो तो पहिला पैसा म्हणून, जेव्हा माणसाकडे दाखवायला काहीच नसतं.

न्यूयॉर्कचं उदाहरण देते कारण त्याचा धागा थेट पुण्यात येतो. आरन डायमंड नावाचे रिअल इस्टेटवाले गृहस्थ होते, ते 1984 मध्ये गेले. त्यांच्या पत्नी आयरीन डायमंड यांनी ठरवलं की फाउंडेशनचा पैसा जपून व्याजावर चालवत बसायचं नाही, सगळा दहा वर्षांत वाटून टाकायचा आणि संस्था बंद करायची. 1987 ते 1996 या काळात त्यांनी 20 कोटी डॉलरहून जास्त रक्कम खरंच वाटून टाकली. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा माणसं पटापट मरत होती. त्यांनी शहरासोबत एड्सवरचं एक सेंटर उभं केलं, ते 1991 मध्ये सुरू झालं आणि प्रमुख म्हणून आणला डेव्हिड हो या डॉक्टरला, ज्याने तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती. शिवाय शहरातल्या पोस्टडॉक लोकांना त्या फाउंडेशनच्या वेगळ्या फेलोशिप होत्या. एवढा मोठा कारभार एवढ्या तरुण माणसाच्या हातात द्यायला सरकारी समिती तयार झाली असती का? मला नाही वाटत.

जानेवारी 1995 मध्ये डेव्हिड हो यांच्या गटाचा पेपर नेचरमध्ये आला, त्याच अंकात अलाबामाच्या जॉर्ज शॉ यांच्या गटाचाही. तोपर्यंत बहुतेकांना वाटायचं की लागण झाल्यावर कित्येक वर्षं व्हायरस शांत झोपलेला असतो. या दोघांनी औषध देऊन व्हायरस किती वेगाने खाली येतो ते मोजलं आणि दाखवलं की तो एक दिवसही शांत नसतो, शरीर रोज अब्जावधी व्हायरस साफ करतं आणि रोज तितकेच नवीन तयार होतात, लागण झालेल्या पेशी तर दोनेक दिवसांतच निम्म्या होतात. एवढा वेग असेल तर एका औषधाला तो चकवणारच, त्यामुळे एकदम अनेक औषधांचा मारा करायला हवा हे पटायला या गणिताची मोठी मदत झाली आणि 1996 पासून तीन औषधांची ट्रीटमेंट आली. आज आपल्याकडे एआरटी (एचआयव्हीवरच्या औषधोपचाराच्या) सेंटरवर रोज जी एक गोळी मिळते तिच्यामागे हे गणित आहे. आपल्याकडे सरकारी मोफत एआरटी सुरू झाली 1 एप्रिल 2004 ला. तुझ्या काकांचे भाऊ 1998 मध्ये गेले, तेव्हा औषधं जगात होती पण आपल्यापर्यंत आलेली नव्हती, हे मला लिहितानाही टोचतंय.

आता पुण्याचा धागा. ह्याच डायमंड सेंटरने पुढे अ‍ॅडव्हॅक्स नावाची डीएनए लस बनवली, आणि ती चेन्नईत आणि आपल्या भोसरीच्या नारीमध्ये (राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था) टीबीसी-एम4 नावाच्या दुसऱ्या लसीबरोबर जोडून 32 निरोगी व्हॉलंटियर्सवर तपासली गेली, आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि आयएव्हीआय (एड्सच्या लसीसाठी काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था) यांच्याबरोबर. त्याआधी भारतातली एचआयव्ही लसीची पहिली ट्रायल पण नारीतच, फेब्रुवारी 2005 मध्ये सुरू झालेली. (नारीचं नाव आता बदललंय, ट्रान्सलेशनल व्हायरॉलॉजी वगैरे आलंय त्यात, पण पुण्यात अजून सगळे नारीच म्हणतात.) यातून लस हाती आली नाही. सुरक्षित होत्या पण बाजारात नेण्याएवढं काही झालं नाही. तरी मी त्याला वाया गेलेला पैसा म्हणणार नाही, कारण रक्त काढल्यापासून ठराविक तासांत पेशी वेगळ्या करून लिक्विड नायट्रोजनमध्ये नीट ठेवणं, परक्या देशातल्या ऑडिटरने बोट ठेवू नये अशी नोंद ठेवणं, हे आपल्याकडची एक अख्खी पिढी असल्या ट्रायल्समध्ये शिकली. आणि ते व्हॉलंटियर्स! एचआयव्हीची लस टोचून घेतली तर पुढे साध्या अँटिबॉडी टेस्टमध्ये पॉझिटिव्ह दिसायची शक्यता असते, लागण नसताना. नोकरीच्या, लग्नाच्या वेळी काय उत्तर द्यायचं याचा विचार करून सुद्धा ही माणसं पुढे आली. देणगी देणगी म्हणतो तेव्हा मला आधी ती माणसं आठवतात, चेक देणारे नंतर.

माझं स्वतःचं सांगायचं तर, मी पोस्टडॉक असताना माझा पहिला सरकारी अर्ज परत आला, शेरा होता की कल्पना चांगली पण प्रिलिम डेटा, म्हणजे सुरुवातीचे निकाल, अपुरा. प्रिलिम डेटा करायला पैसे लागतात आणि पैसे मिळायला प्रिलिम डेटा, आधी कोंबडी की आधी अंडं. मग एका लहानशा फाउंडेशनने, ज्यांचं ऑफिस म्हणजे दोन खोल्या होत्या, एका वर्षासाठी चाळीस हजार डॉलर दिले. मी त्यातून एकही मशीन घेतलं नाही, सेल सॉर्टरचे (पेशी निवडून वेगळ्या करणाऱ्या मशीनचे) तास विकत घेतले आणि सहा पेशंटच्या रक्तावर एकच प्रयोग नीट केला. त्या एका आकृतीवर पुढचा सरकारी अर्ज मंजूर झाला आणि त्या आकृतीने मला पुढची सात वर्षं दिली. माझ्या बरोबरीचा एक मुलगा, माझ्यापेक्षा हुशार, त्याला तो चमचा मिळाला नाही, तो हे क्षेत्र सोडून गेला. त्याची कल्पना काय होती ते मला अजून आठवतंय आणि ती कुणीच पुढे केली नाही.

अ‍ॅमफारची गोष्ट पण समजून घे, कारण तिथे तू अर्ज करणारच आहेस. माटिल्डा क्रिम या स्वतः शास्त्रज्ञ, इंटरफेरॉनवर काम करणाऱ्या, त्यांनी 1983 मध्ये न्यूयॉर्कला संस्था काढली. 1985 मध्ये लॉस एंजेलिसला दुसरी निघाली, रॉक हडसन या नटाने आजारी असताना अडीच लाख डॉलर दिले त्यातून, आणि दोन्ही एकत्र येऊन अ‍ॅमफार झाली, एलिझाबेथ टेलर तिचा चेहरा. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी एड्सवरचं पहिलं मोठं भाषण केलं ते 31 मे 1987 ला, अ‍ॅमफारच्याच जेवणाच्या कार्यक्रमात. म्हणजे देणगीवाल्या संस्थेचं एक काम सरकारला बोलतं करणं हेही असतं, आणि मला तर ते पैशाइतकंच मोलाचं वाटतं.

पण तुझ्या कामाचं हे आहे: 2008 मध्ये बर्लिनच्या गेरो ह्युटर या डॉक्टरने क्रॉय या एचआयव्ही संशोधनाच्या मोठ्या कॉन्फरन्सला एक पोस्टर लावलं. पेशंटला ल्युकेमिया आणि एचआयव्ही दोन्ही, त्याला असा बोनमॅरो दाता शोधून दिला ज्याच्या पेशींवर सीसीआर5 नावाचं दारच नव्हतं, म्हणजे व्हायरसला आत शिरायची वाट बंद, आणि औषधं थांबवूनही व्हायरस परत आला नाही. ह्युटर एचआयव्हीवाला नव्हताच, रक्ताच्या कॅन्सरचा डॉक्टर, चाळिशीच्या आतबाहेरचा, या वर्तुळात त्याला कोणी ओळखत नव्हतं आणि पोस्टरपुढे फार कुणी थांबलं नाही. अ‍ॅमफारने त्याच वर्षी मोजक्या तज्ज्ञांना एका खोलीत बसवून त्या केसची नीट चिरफाड करायला लावली, 2009 मध्ये पेपर छापून आला, आणि 2010 पासून त्यांनी क्युअरवर एकत्र काम करणाऱ्या गटांना पैसे द्यायला सुरुवात केली. 2019 मध्ये लंडनच्या दुसऱ्या पेशंटची बातमी आली, ते काम रवींद्र गुप्ता यांच्या गटाचं, त्यात वेलकम आणि अ‍ॅमफार दोघांचा पैसा. आणि फसलेलंही सांगते. मिसिसिपीच्या बाळाचं काम पण अ‍ॅमफारच्याच पैशाने, 2013 मध्ये सगळ्यांना वाटलं बाळ बरं झालं, जुलै 2014 मध्ये कळलं व्हायरस परत आलाय, औषधाशिवाय 27 महिने राहून. तेही छापलं, लपवलं नाही. असा धोका पत्करायची मुभा सरकारी पैशाला कमी असते.

क्रिम यांच्या नावाची फेलोशिप 2008 पासून आहे, पोस्टडॉकसाठी, आणि तिची रचना मला आवडते कारण ती दोन टप्प्यांत आहे, पहिला टप्पा मेंटॉरच्या लॅबमध्ये आणि दुसरा तुला स्वतःची पहिली स्वतंत्र जागा मिळेल तेव्हा. माणूस गळतो तो नेमका त्या दोघांच्या मधल्या फटीत. रक्कम आणि पात्रता दर कॉलला बदलू शकते, तेव्हा ताजा कॉलच वाच, जुन्या पीडीएफवर जाऊ नकोस.

अजून एक गोष्ट, जी आपल्या मुलांना कोणी सांगत नाही. एनआयएचची एफ32 फेलोशिप तुला मिळू शकत नाही, ती फक्त अमेरिकन नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांना. एनआयएचच्याच के99 या दुसऱ्या ग्रांटला परदेशी माणूस चालतो, पण ती पोस्टडॉकची काही वर्षं झाल्यावरची आणि स्पर्धा भयंकर. म्हणजे तिथे पोचल्यावर पहिली दोन-तीन वर्षं स्वतःच्या नावावर पैसा आणायचा तर तुझ्यासारखीला खाजगी फाउंडेशन हाच मुख्य रस्ता, कारण त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना पासपोर्टशी घेणंदेणं नसतं. तेव्हा तुझे सर म्हणतात ते चुकीचं नाही. पण त्यांना एक प्रश्न लेखी विचार, की फेलोशिप संपल्यावर किंवा उशिरा आली तर मधल्या महिन्यांचा पगार कुठून येणार. उत्तर "बघू" असं आलं तर जाऊ नकोस. व्हिसा त्यांच्या पगारावर लटकलेला असतो, हे विसरू नकोस.

आणि अमेरिका हाच एक रस्ता का? वेलकम ट्रस्ट हा हेन्री वेलकम या औषध उद्योजकाच्या मृत्युपत्रातून 1936 मध्ये निघालेला, त्याने आणि आपल्या सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने (डीबीटी) 2008 मध्ये मिळून संशोधकांना फेलोशिप देणारं इंडिया अलायन्स काढलं. ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याचा तिसरा टप्पा मंजूर केला, 1500 कोटींचा, त्यात 1000 कोटी डीबीटीचे आणि 500 कोटी वेलकमचे. इथे दूध आणि विरजण एकाच पातेल्यात आहे, म्हणून तुझ्या जागी मी असते तर पहिला अर्ज इथेच केला असता. अर्ली करिअर फेलोशिपला कायम नोकरी लागत नाही, तुला ठेवून घेणारी संस्था लागते, त्यात स्वतःचा पगार येतो, प्रयोगाचा पैसा येतो आणि परदेशातल्या लॅबमध्ये काही काळ जाऊन काम शिकायची सोय पण असते. अमेरिकेतल्या त्याच सरांकडे तू त्यांची पगारी पोस्टडॉक म्हणून न जाता स्वतःचा पैसा घेऊन सहा महिने जाशील, याने नात्याचा सगळा नूर बदलतो.

तुझा विषय पण इथेच जास्त शोभतो. औषधाने व्हायरस दाबला तरी विश्रांतीत असलेल्या सीडी4 मेमरी पेशींमध्ये (प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पेशी) तो गुणसूत्रातच दडलेला राहतो, दर दहा लाख पेशींत एखादी अशी पेशी, आणि हा साठा निम्मा व्हायला सरासरी 44 महिने लागतात, म्हणजे नुसत्या औषधाने तो संपवायला सत्तरहून जास्त वर्षं. पण हे आकडे आले कुठून? मुख्यतः अमेरिकेतल्या पेशंटकडून, तिथला व्हायरसचा उपप्रकार म्हणजे सबटाइप बी. आपल्याकडे जवळपास सगळा सबटाइप सी, जगात सगळ्यात जास्त लोकांना तोच. साठा मोजायची जी डिजिटल पीसीआरची पद्धत 2019 मध्ये आली, इपडा म्हणतात तिला, तिचे प्राइमर (व्हायरसचा जनुकीय भाग ओळखणारे डीएनएचे छोटे तुकडे) सबटाइप बी धरून बनवलेले, ते सी वर तसेच वापरले तर चुकतात. भारतात 25 लाखांच्या आसपास लोक एचआयव्हीसह जगतायत आणि त्यांच्यातला साठा मोजायची पट्टीच दुसऱ्यांच्या मापाची आहे! हा प्रश्न लहान आहे, स्वस्त आहे, दोन वर्षांत उत्तर निघू शकतं, आणि पुण्यात पेशंट आहेत. फाउंडेशनला अर्ज करताना असा प्रश्न पाहिजे. "एचआयव्हीचा क्युअर शोधणार" असं लिहिलंस तर ते वाचून आम्ही पान उलटतो.

अर्ज कसा वाचला जातो ते पण सांगते. आम्ही रात्री अकराला, दिवसभराचं काम संपवून, दहावा अर्ज वाचत असतो. पहिल्या पानावर मला तीन गोष्टी कळायला हव्यात, काय माहीत नाही, तू काय मोजणार, आणि उत्तर नाही आलं तरी त्यातून काय कळेल. ही तिसरी गोष्ट शंभरातले नव्वद लोक लिहीत नाहीत. नवीन मुलं तीन एम, म्हणजे उद्दिष्टं, लिहितात आणि दुसरा-तिसरा पहिल्यावर उभा असतो, पहिला फसला की सगळा डोलारा खाली, त्यापेक्षा दोनच लिही पण एकमेकांवर न टेकलेले. नमुने कुठून येणार, किती, एथिक्सची परवानगी कुठवर आली, परदेशी सहकारी असेल तर एचएमएससीची (आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची) मंजुरी, हे स्पष्ट लिही, कारण त्यात वर्ष जातं आणि वर्षाच्या ग्रांटमध्ये वर्ष गेलं तर काय उरलं. बजेटमध्ये मशीन मागू नकोस, मशीनचे तास माग. आणि साध्या भाषेतला सारांश शेवटच्या रात्री खरडू नकोस, बऱ्याच देणगीवाल्या संस्थांत तो सारांश एचआयव्हीसह जगणारी माणसं वाचतात आणि त्यांच्या मताला वजन असतं. तुझ्या आईला मराठीत सांगून बघ, ती "मग पुढे काय?" असं विचारेल तिथे तुझा अर्ज कच्चा आहे.

आता वाईट बाजू, ती माहीत असलेली बरी. देणगी मनाच्या मागे जाते, आणि मन क्युअर, लस, लहान मुलं इकडे लवकर वळतं. लॅब टेक्निशियनचा पगार, फ्रीझरची दुरुस्ती, दहा वर्षं एकाच गटाच्या मागे राहणारी डेटा एंट्री, यासाठी पैसा द्यायला कुणी उठत नाही, आणि खरं तर रिझर्वॉयरचं अर्धं शास्त्र जुन्या नमुन्यांच्या फ्रीझरवर उभं आहे. शिवाय फाउंडेशन ओव्हरहेड, म्हणजे संस्थेचा वरखर्च, फार कमी देतात, काही तर देतच नाहीत, त्यामुळे संस्थेचा अकाउंट्स विभाग नाराज असतो आणि वीजबिल कुणी भरायचं यावरून पीआय (लॅबप्रमुख) आणि डीन यांची वादावादी होते. रिपोर्टपण दर सहा महिन्यांनी. एका वर्षाच्या चार ग्रांट जोडत जोडत जगणारी माणसं मी बघितलीत, त्यांचा प्रयोगापेक्षा अर्जातच जास्त वेळ जातो, आणि चाळिशीत त्यांच्याकडे पाच अर्धवट गोष्टी असतात. म्हणून माझा नियम असा की देणगीची दुसरी ग्रांट मिळेपर्यंत सरकारी मोठा अर्ज गेलेला असला पाहिजे. नाहीतर हळूच कंपनीकडे बघ, त्यात कमीपणा नाही, कंपनीत जाऊनही या आजारावर चांगलं काम करणारे लोक आहेत.

आता काका. त्यांना माझा नमस्कार सांग, आणि हे त्यांना वाचून दाखव.

आपल्याकडे देणगीची परंपरा नाही असं नाही. लेडी मेहेरबाई टाटा 1931 मध्ये ल्युकेमियाने गेल्या आणि दुसऱ्याच वर्षी सर दोराबजींनी त्यांच्या नावाने ट्रस्ट केला, तो अजून ल्युकेमियाच्या संशोधनाला पैसा देतोय. पण एचआयव्हीच्या बाबतीत घराचं नाव पुढे करायला माणसं कचरतात आणि मी त्यांना दोष देत नाही. माझ्या ओळखीच्या एका आजींनी मुलाच्या नावाने पैसे दिले पण पाटीवर आजाराचं नाव नको म्हणाल्या, संस्थेने ते मान्य केलं, आणि दर वर्षी त्या नावाची स्कॉलरशिप एका मुलीला मिळते, मुलगी एचआयव्हीवर काम करते, पाटीवर फक्त माणसाचं नाव. काकांना हवं तेच करता येतं, आजार लिहायचा की नाही हा त्यांचा हक्क आहे.

10 लाखांत लॅब चालत नाही, पण एक माणूस चालतो. जेआरएफचा, म्हणजे पीएचडीच्या विद्यार्थ्याच्या सरकारी फेलोशिपचा, दर जानेवारी 2023 पासून महिना 37,000 रुपये आहे, एचआरए वेगळा. म्हणजे वर्षाला साडेचार लाखाच्या आत, म्हणजे घरभाडं सोडलं तर दोन वर्षं एका विद्यार्थ्याची फेलोशिप निघते. पण मी एक वेगळं सुचवते. पीएचडीची फेलोशिप पाच वर्षांनी बंद होते आणि थीसिसचा व्हायवा कधी कधी त्यानंतर आठ-दहा महिन्यांनी होतो, पुढची नोकरी अजून चार महिन्यांनी. ही जी मधली बिनपगारी फट आहे ना, त्यात मुली जास्त गळतात, कारण घरचे म्हणतात आता पुरे. काकांच्या पैशातून दर वेळी एका मुलीला सहा महिने आधार दिला तर तीन-चार जणी सहज त्या फटीतून पार होतील. असा पैसा देणारं मला तरी अजून कोणी भेटलेलं नाही, आणि त्याची गरज किती आहे ते तू आत्ता स्वतः अनुभवतेयस.

द्यायचा कसा: आयसीएमआरच्या किंवा सरकारी विद्यापीठाच्या संस्थेला थेट द्यायचा तर संचालकांना पत्र लिहून पैसा कशासाठी ते करारात लिहून घ्यायचं, नुसता "संशोधनासाठी" चेक दिला तर तो कुठल्या तरी हेडमध्ये जाऊन पडतो. खाजगी ट्रस्टला द्यायचा तर त्यांची देणगीवर करसवलत देणारी नोंदणी (80जी) आहे का बघा, आणि सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते हे काकांच्या सीएला विचारून घ्या, रोख रक्कम देऊ नका. कुणी नातेवाईक अमेरिकन नागरिक होऊन यात पैसे घालणार असतील तर तो परदेशी पैसा धरला जातो, घेणाऱ्या संस्थेकडे एफसीआरए (परदेशी देणगी घेण्याची नोंदणी) पाहिजे, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर असा पैसा एका संस्थेला पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. भारतीय पासपोर्टवर तिकडे राहणारा मुलगा स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल तर ती अडचण नाही. आणि काकांच्या ओळखीत कुणाची कंपनी सीएसआरच्या (कंपन्यांच्या सक्तीच्या सामाजिक खर्चाच्या) मर्यादेत येत असेल तर आयसीएमआर, डीबीटी यांच्या संस्थांना संशोधनासाठी दिलेला पैसा सीएसआरमध्ये धरतात, कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात तसं आहे. एकट्या काकांचे 10 लाख आणि त्याला जोडून कंपनीचे 20, असं झालं तर ती मधल्या महिन्यांची योजना पाच-सहा वर्षं चालेल.

तू या आठवड्यात एवढं कर. इंडिया अलायन्सचा चालू कॉल उघड आणि पीएचडीची तारीख पात्रतेत बसते का ते बघ, अमेरिकेतल्या सरांना तो पगाराचा प्रश्न मेलवर विचार, आणि गाइडकडे शिफारसपत्र डेडलाइनच्या आधी सहा आठवडे माग, त्यात एक वाक्य मुद्दाम लिहून घे की यातलं कुठलं काम तू पुढे स्वतःचं म्हणून घेऊन जाणार आहेस. एम लिहून झाले की पाठव, मी वाचते.